खुर्चीत बसायच्या आधी

मॅडम,

आज घाटंजीचा बाजार आहे, त्यामुळे सकाळ मोकळी आहे. बाजाराच्या दिवशी माणसं आधी मिरची, कांदे, पोरांच्या चपला घेतात. ऊन डोक्यावर आलं की मग त्यांना दाताची आठवण होते. तोवर दवाखान्यात मी आणि पंखा. काल एका मास्तरणीची अक्कलदाढ कापून काढायची होती. तिला आत नेण्याआधी मी गवती चहा उकळायला ठेवला, तशी ती म्हणाली, "दाताच्या दवाखान्यात चहा मी पहिल्यांदाच पाहून राह्यली. हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "माझ्या मॅडमनी." पुढे ती काही विचारेल असं वाटलं, पण तिच्या मनात दाढ होती, तिनं विचारलं नाही. माझ्या मनात मात्र ते उत्तर दिवसभर अर्धवट राहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे मी आले, आणि तुमच्याबद्दल कोणाला दोन शब्दांपलीकडे कधी सांगितलेलं नाही. तुम्हालाही काही सांगितलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. थकले आहे, त्यामुळे अक्षर नीट येणार नाही. माझं अक्षर तुम्हाला तसंही कधी आवडलं नव्हतं.

नागपूरहून शिकून मी तुमच्याकडे आले तेव्हा वाटलं होतं, यवतमाळात आपण काही फार दिवस राहत नाही. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तुमचा दवाखाना, पुढे खुर्ची आणि मागे घर. मधल्या दारातून थेट स्वयंपाकघर दिसायचं. कॉलेजात आम्हाला सगळं झाकलेलं, उकळलेलं, पांढरंशुभ्र शिकवलं होतं, आणि इथे खुर्चीतल्या पेशंटला फोडणीचा वास यायचा. मला ते पटेना. त्यात तुमचा तो काढा. ज्याचा दात नुसता ओढून निघणार नाही, हिरडी कापून हाड घासून काढावा लागणार, त्या प्रत्येकाला तुम्ही लवकर बोलवायचात आणि बाकावर बसवून काचेच्या ग्लासात काढा द्यायचात. गवती चहा, तुळस, बडीशेप, वेलची, गूळ, आणि वरून जीव शांत करते म्हणतात त्या जटामांसीच्या मुळाची चिमूटभर पूड. त्या पुडीचा वास मला ओल्या गोणपाटासारखा वाटायचा. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "मॅडम, यानं नेमकं होतं काय?" तुम्ही गॅस बारीक करत म्हणालात, "हात कोमट होतात." मला वाटलं, उत्तर टाळलंत. मग तुम्ही मला बाकावरच्या माणसाचा हात धरून पाहायला पाठवलंत. कळंबकडचा एक हवालदार होता, धिप्पाड, मिशा वळवलेला. हात बर्फासारखा गार आणि ओला. काढा पिऊन झाल्यावर तुम्ही मला पुन्हा पाठवलंत, आणि हात कोमट झाला होता खरा. मी खुश होऊन खुर्ची तयार केली, बाहेर आले, तर बाक रिकामा. हवालदार स्वयंपाकघरातून मागच्या दारानं अनवाणी निघून गेला होता; चपला तेवढ्या पुढच्या दाराशी राहिल्या. तुम्ही किती हसलात त्या दिवशी. "काढा चांगला झाला होता ग," म्हणालात, "पळायची ताकद आली त्याला."

रागावलातही. एक कॉलेजातली मुलगी खुर्चीत बसून थरथरत होती, आणि मी हातात सुई घेऊन सवयीनं म्हटलं, "घाबरू नको, काही होत नाही." तुम्ही माझ्या हातातली सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवलीत, मला मधल्या दाराच्या आत नेलंत आणि ओट्याशी उभं करून हळू आवाजात म्हणालात, "काही होत नाही, हे तुला कोणी सांगितलं? तिला होतंय. तुझ्या डोळ्यांसमोर होतंय. तू नाही म्हटलंस की ती तिथे एकटीच उरते." मला रडू आलं. माझं रडणं संपायची वाट तुम्ही पाहिली नाही. परत जाऊन त्या मुलीला विचारलंत, "भीती वाटते ना? थोडी की फार?" ती म्हणाली, "फार." "बरं. मग आज आपण फार हळू करू." मी ओट्याशी उभी राहून ऐकते आहे. गॅसवर तुमचं वरण उकळतं आहे, त्यात मीठ घातलं की नाही हे तुम्हाला आठवणार नाही हे मला कळतं आहे, आणि डोळे पुसून मी उगाचच चमच्यानं ते चाखून पाहते आहे. मीठ नव्हतंच. मी घातलं. जेवताना तुम्ही म्हणालात, "आज वरण बरं झालंय," आणि तो विषय तिथे संपला. त्यानंतर आजपर्यंत मी कोणाला घाबरू नका म्हटलेलं नाही. कधी कधी तोंडाशी येतं, गिळते.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज काही ना काही यायचं, गावोगावी गाड्या जायच्या, माणसं उतरून पाहणी करायची आणि परत जायची. आपण दाताचे डॉक्टर. आपल्याला कोण काय सांगणार? पण आपल्या आरशात जे दिसत होतं ते कोणी लिहिलं नाही. तरण्या माणसांच्या दाढा म्हाताऱ्यांसारख्या सपाट झालेल्या. कोणाची दाढ मधोमध तडकलेली, आणि विचारलं तर म्हणायचा, "भातात खडा लागला असंन जी." मागून त्याची बायको म्हणायची, "खडा नाही बाई, झोपीत दात खाते हे. करकर आवाज येते, लेकरं उठून बसते." शेतवाल्यांच्याच नव्हे, कृषी केंद्रवाल्याच्या, जिनिंगमधल्या मुकादमाच्या, वेचणीला जाणाऱ्या बायांच्या, सगळ्यांच्याच. माझी आईही वेचणीला जायची; एकदा मी तिला तुमच्याकडे आणलं आणि तुम्ही तिच्या तोंडात आरसा धरून माझ्याकडे नुसतं पाहिलंत. आईसुद्धा. मला तोवर माहीत नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "या जिल्ह्यात आताशा कोणी जबडा सैल सोडत नाही." जबडा आवळलेला असला की तोंड उघडं राहत नाही, भूल हवी तशी चढत नाही, साधं काम लांबत जातं. त्या दिवसांत काढा रोज उकळायला लागला. तुम्ही बाजारातून मोठं पातेलं आणलंत.

आणि मग तो मापाडी आला, मार्केट यार्डात कापूस मोजणारा. तडकलेली दाढ, मुळं वाकडी. तुम्ही त्याला काढा दिलात, थोड्या वेळानं भुलीची सुई दिलीत, आणि भूल चढायची वाट पाहत आपण दोघी खुर्चीजवळ उभ्या राहून बोलत होतो. मी सहज पाहिलं तर त्याची मान एका बाजूला पडलेली. "दादा," म्हणून हलवलं, उत्तर नाही. तुम्ही खुर्ची आडवी केलीत, त्याचे पाय वर घेतलेत, नाडी धरलीत आणि मला समोरच्या डॉक्टरांकडे पिटाळलंत. ते धावत आले. प्रेशर फार खाली गेलं होतं, त्यांनी सलाईन लावलं. बाहेर त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारलं, घरून काय घेऊन आले होते? ती म्हणाली, "सकाळपासून थरथर कापून राह्यले होते. मंग मीच जायफळ उगाळून देल्लं दुधात. अन् सासूबाईची झोपीची गोळी असते, ते देल्ली. एकानं काय होते म्हणून दोन देल्ल्या." तुम्ही दारात उभ्या राहून हे ऐकलंत. दुपार उलटून गेल्यावर तो माणूस हळूहळू शुद्धीवर आला, डोळे उघडले आणि म्हणाला, "झालं काय जी? काहीच समजलं नाही. लय हलका हात आहे तुमचा." दाढ जिथल्या तिथे होती. समोरचे डॉक्टर हसले, बायको हसली, मीही हसले. तुम्ही हसला नाहीत.

तुम्ही आत गेलात, जटामांसीची बरणी काढलीत आणि केरात उपडी केलीत. "प्रेशर विचारते," तुम्ही म्हणालात, "साखर विचारते, दिवस गेलेत का विचारते. घरून काय पिऊन आलात, हे मी कधी विचारलं नाही. का? तर झाडपाला. मी त्याला औषध धरलंच नाही, आणि देत मात्र होते औषधासारखा." मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या चिमूटभर पुडीनं नाही झालं ते, गोळ्यांनी झालं." तुम्ही म्हणालात, "कशानं झालं ते मला कुठं सांगता येतंय? तेच तर म्हणतेय मी." त्यानंतर आपल्या काढ्यात कुठलं मूळ, कुठली पूड गेली नाही. गवती चहा, तुळस, बडीशेप, गूळ. आणि पातेलं ठेवायच्या आधी प्रश्न: आज काय काय घेतलं? कोणी दिलं? खरं सांगा, रागावणार नाही.

एक बाई त्याच हंगामात आली, वेचणी जोरात असताना. घाटंजीकडच्या एका खेड्यातली, माझ्याच वयाची असेल. डावा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, तोंडात धड बोट जाईना. सोबत दीर होता. अक्कलदाढ आडवी अडकलेली आणि तिच्याखाली पू. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "ही सूज गळ्याकडे उतरली तर श्वास कोंडेल. फार थांबता येणार नाही." गोळ्या देऊन सूज थोडी ओसरू द्यायची आणि लगेच दाढ काढायची असं ठरलं. ठरल्या दिवशी ती आली. आज काय घेतलं विचारलं. तुमच्या गोळ्या, दुसरं काही नाही, म्हणाली. बोलताना ती पदराचं टोक बोटांना इतकं घट्ट गुंडाळत होती की बोटं पांढरी पडली होती. ते पाहून तुम्ही स्वतः उठलात, आतून काढा आणलात, ग्लास तिच्यापुढे धरलात आणि म्हणालात, "एवढं औषध घ्या, मग बसू आपण."

तिनं ग्लासाकडे पाहिलं. गुळानं तपकिरी झालेलं पाणी, वर वाफ. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, ते ठणकणारं सुजलेलं तोंड, दाबून धरलं, आणि बाकावरून घसरत भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. नुसती मान हलवत राहिली. तुम्ही वाकलात तशी ती आणखी मागे सरकली, मागे जागा नव्हती तरी. दीर पुढे आला आणि आपल्याकडे न पाहता म्हणाला, "माह्या भावानं औषध घेतलं होतं जी. गेल्या साली. हिच्या समोरच. ग्लासात ओतून घेतलं त्यानं, चहा पेल्यावानी."

फवारणीच्या विषालाही आपल्याकडे औषधच म्हणतात, हे काय आपल्याला माहीत नव्हतं? मी तर लहानपणापासून ऐकत आले. अमक्यानं औषध घेतलं म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. आणि दवाखान्यात आपण दिवसभर तोच शब्द वापरत होतो. तुम्ही ग्लास घेऊन आत गेलात. मोरीत पाणी सोडल्याचा आवाज आला. मी आत आले तर तुम्ही ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या होतात. "मी तिला 'औषध घ्या' म्हटलं," एवढंच म्हणालात. त्या दिवशी ती खुर्चीकडे फिरकलीही नाही. दीर म्हणाला, मोठ्या दवाखान्यात नेतो, पण तिनं तेही ऐकलं नाही. गोळ्या तेवढ्या वाढवून दिल्या. गोळ्या ती घ्यायची, हातावर ठेवून, दोन्ही बाजूंनी पाहून. ती दोघं निघताना तुम्ही दिराला म्हणालात, "रविवारी हिला माझ्याकडे आणा. दात काढायला नाही. जेवायला."

रविवारी दवाखान्याचं शटर खाली. ती मागच्या दारानं आली, कारण तुम्ही तसं सांगितलं होतं. तिला गिळता यावी म्हणून तुम्ही मऊ खिचडी केली होती. दीर अंगणात बाजेवर बसला. ती स्वयंपाकघरात उभी, बस म्हटलं तरी बसेना. तुम्ही ताटं मांडता मांडता विचारलंत, "जीव घाबरला की घरी काय करता तुम्ही?"

ती म्हणाली, "काय करतो बाई. काम करतो. भांडे घासतो, घासलेले असले तरी घासतो. हात चालू राह्यले का बरं वाटते."

तुम्ही ओट्यापासून बाजूला झालात. "मग आजचा चहा तुम्हीच करा. घालायचं ते घाला, नको ते घालू नका. मी हात लावत नाही कशाला."

तिनं आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पातेलं उचललं आणि घासलेलं असून पुन्हा घासलं. एकेक डबा उघडून नाकाशी नेला. "हे काय आहे?" बडीशेप. "अन् हे?" वेलची. "नाही टाकत." गुळाच्या डब्यापाशी थांबली. "गूळ नको. पाणी काळं होते." मग विचारलं, "पत्ती चहा आहे काय, गवती?" मी मोरीजवळचा ठोंब दाखवला. तिनं स्वतः पाती तोडली, दोन बोटांत चुरडून वास घेतला आणि पहिल्यांदाच तिचे खांदे जरा खाली आले. "माह्या मायच्या घरी आहे हे," म्हणाली, "न्हाणीपाशीच. ताप आला का माय देते." पाणी उकळेपर्यंत ती पातेल्यावरून नजर हलवत नव्हती. तुम्ही काचेचे ग्लास कपाटात मागे सारलेत हे मी पाहिलं. ती म्हणाली, "पांढरा कप असंन तर द्या. बूड दिसते त्यात." तुमच्याकडे पाहुण्यांसाठी ठेवलेले कप होते, ते काढले. तिनं तीन कप भरले. हिरवट पिवळं, नितळ पाणी, तळाची नक्षी दिसत होती. आधी तुम्ही प्यालात. मग मी. ती आपल्या दोघींच्या तोंडाकडे पाहत थांबली, चांगला वेळ थांबली. तिला काय पाहायचं होतं हे आपल्याला दोघींना कळत होतं, म्हणून आपण बोललो नाही, हललोही नाही. शेवटी तिनं कप उचलला. तोंड नीट उघडत नव्हतं, निम्मा चहा हनुवटीवरून लुगड्यावर सांडला. पदरानं पुसलं आणि पुन्हा कप भरला.

खिचडी खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "आजच काढता काय? घरी गेली का माह्याच्यानं परत येणं होत नाही."

तुम्ही शटर अर्धं वर केलंत. हात वर केला की आपण थांबणार, असं ठरलं. सुई दिली, हिरडी कापली, पू निघाला, वास इतका की दीर उठून रस्त्यावर गेला. तिचे डोळे टक्क उघडे. आणि ती हात वर करायची. पुन्हा पुन्हा. दुखायचं म्हणून नाही, मला वाटतं आपण खरंच थांबतो का ते ती पाहत होती. दर वेळी तुम्ही सगळं तोंडातून बाहेर काढायचात, हात मांडीवर ठेवायचात आणि ती मान हलवेपर्यंत बसायचात. माझी पाठ मोडली होती, थुंकी-रक्त ओढायची नळी धरून बोटांना मुंग्या आल्या होत्या, आणि मला मनातून वाटत होतं, बाई, आता पुरे. दाढ तुकड्या-तुकड्यानं निघाली. टाके घातले तेव्हा गल्लीत संध्याकाळचे दूधवाले फिरायला लागले होते. कापसाचा बोळा दाताखाली दाबून धरा, बोलू नका, असं सांगून तुम्ही हातमोजे काढलेत. ती उठली, थोडी डोलली, मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला आणि सरळ मधल्या दारातून आत गेली. पाणी वाजलं. तोंडात बोळा, गाल सुजलेला, आणि ती पातेलं घासत होती. दीर दारातून म्हणत होता, "वहिनी, राहू दे ना आता." तिनं तीनही कप धुतले, पुसले, फळीवर पालथे घातले. तुम्ही पेशंटच्या खुर्चीत बसलात. त्या खुर्चीत बसलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. डोळे मिटून म्हणालात, "थकले ग मी." दाढेबद्दल बोलत नव्हतात तुम्ही, एवढं मला कळलं.

ती बरी झाली. टाके काढायला आली तेव्हा तोंड नीट उघडत होतं. पुढे तिला गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायचं काम मिळालं, आणि ती आपल्याकडे माणसं पाठवायला लागली. ती माणसं येऊन सांगायची, "थ्या बाईनं सांगतलं, तिथं आपला चहा आपण करता येते म्हणून." तुम्ही मग कोणालाच ग्लास पुढे केला नाहीत. ज्याला कापायचंय त्यानं स्वयंपाकघरात यायचं, डबे उघडायचे, वास घ्यायचा, स्वतः उकळायचं, नको असेल तर नुसतं बसायचं. एकानं सरळ चहापत्ती आणि दूध घालून कडक चहा केला आणि मला म्हणाला, "तुम्ही पण घ्या." तुमचा ओटा कधी कोरडा राहिला नाही, जेवण वेळेवर झालं नाही, गॅस महिनाभर पुरला नाही. यानं भीती जाते, असं तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत आणि मीही सांगत नाही. काहींची गेली. काही प्याले आणि तरी रडले. काही प्याले आणि म्हणाले, आज नको. त्यांना तुम्ही परत पाठवलंत, आणि त्यातले बरेच पुन्हा आले.

मग तुमच्याच पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन. मी पहाटेच्या एसटीनं आले, फ्लास्कमध्ये गवती चहा घेऊन, आणि वॉर्डात शिरल्यावर माझ्या लक्षात आलं की तुम्हाला तो चालणारच नाही. सिस्टर म्हणाली, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तुम्ही म्हणालात, "झाकण तर भर." मी भरलं. तुम्ही ते दोन्ही तळव्यांत धरून बसलात, चष्मा वाफेनं धुरकट झाला. मी विचारलं, "भीती वाटते का मॅडम?" तुम्ही विचार केलात, खरंच विचार केलात, आणि म्हणालात, "वाटते. पण त्याहून कंटाळा आलाय ग. इतक्या लोकांची भीती पाहिली, आता स्वतःची पाहायचं जिवावर आलंय." आणि झाकण माझ्या हातात दिलंत. "तू पी. गार होईल." स्ट्रेचर वळणावरून दिसेनासं झाल्यावर मी तिथेच भिंतीशी उभी राहून तो प्यायले. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले. मग ताप आला, तो उतरला नाही. तुमचा मुलगा परदेशातून पोचला तेव्हा तुम्ही बोलत नव्हतात.

मी घाटंजीला आले, आमच्या गावाजवळ. भाड्याची खोली, मागे लहानसा ओटा मुद्दाम बांधून घेतला. कापूस अजून आहे, सोयाबीन वाढलं, माणसं आता खुर्चीत बसून मोबाईल पाहतात, पण जबडे काही फार सैल झालेले नाहीत. मी विचारते ते सगळे प्रश्न, थांबते दर वेळी हात वर झाला की. कोणी म्हणत नाही, पण माझं काम चांगलं आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. बाजार उठायच्या आत फाडून टाकेन, किंवा नाही फाडणार. एक सांगायचं होतं, ते घरात कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. हल्ली बाकावर कोणी नसलं की मला बरं वाटतं. कोणी फोन करून आज जमत नाही म्हणालं की मी तोंडानं अरेरे म्हणते आणि आतून हलकी होते. तुम्हाला असं कधी झालं होतं का, हे विचारायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, मी तरुण होते.

आता बाहेर कोणीतरी आलं आहे. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग खोकला. अजून हाक मारलेली नाही. मीही उठलेले नाही.